जादूगाराचा झगा

(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "धाकटीसाठी शिवलेल्या झग्याबद्दल बोला." कापड, कात्री आणि सुई यांच्याबद्दल बोलायचे तर मला भीती नाही, म्हणून उभी राहिले.

यंदाच्या स्नेहसंमेलनात माझ्या धाकटीला जादूगार व्हायचे होते. तिचे वय 9. तयार पोशाख भाड्याने मिळतो. पण तो दुकानात पाहिला तर नुसता चकचकीत, शिवण उसवलेली, आणि आत एकही खिसा नाही. खिसा नाही तो जादूगार कसला? तेव्हा घरीच शिवायचे ठरले.

कृती अशी. 36 इंच पन्ह्याचे काळे पॉपलीन 2 मीटर घ्यावे. कापड जमिनीवर पसरून लांब काठाच्या मध्यावर खूण करावी. सुतळीचे एक टोक तिथे अंगठ्याने दाबून धरावे, दुसऱ्या टोकाला खडू बांधावा. सुतळी 4 इंच ठेवून अर्धे वर्तुळ काढावे, तो गळा. मग 34 इंच ठेवून दुसरे काढावे, तो घेर. उंची 30 इंच मिळते. कोपऱ्यांचे तुकडे टाकू नयेत, त्यांतून उभी कॉलर निघते. घेराचे कापड काही ठिकाणी उरेब येते, म्हणून झगा एक रात्र टांगून ठेवावा. सकाळी जिथे कापड खाली उतरले असेल तिथे सारखे करावे आणि मगच काठ दुमडावा. घाई केली तर घेर वेडावाकडा होतो. गळ्याला नाडी लावू नये. मुले एकमेकांची वस्त्रे ओढतात, नाडीचा गळ्याला फास बसतो. टिचबटण लावले की ओढताच सुटते.

टोपीसाठी 14 इंचांचा चौकोन घेऊन एका कोपऱ्यापासून पाव वर्तुळ कापावे. गोल कडा 22 इंच भरते, एक इंच शिवणीत जाऊन 21 उरते. मुलाचे डोके आधी मोजून घ्यावे. आतून बकरम लावले की टोपी ताठ राहते. चांदण्या मी जुन्या जरीच्या काठाच्या कापल्या.

आता मुख्य गोष्ट, खिसा. मुलीला सरळ उभे करून हात खाली सोडायला सांगावे. बोटांची टोके जिथे येतात त्याच्या दोन इंच वर, अस्तरावर, अस्तराच्याच कापडाचा रुंद तोंडाचा खिसा लावावा. तोंडाला आतून बकरमची पट्टी घालावी, म्हणजे ते उघडेच राहते. हात सहज खाली आला की रुमाल आत जातो किंवा बाहेर येतो. समोरून काही दिसत नाही.

धाकटीने ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकात मी वाचले, की रॉबेर-हूदँ नावाचे एक फ्रेंच जादूगार होऊन गेले (1805-1871). त्यांनी लांब झगा सोडून साध्या सभ्य गृहस्थाचा कोट घातला. पण त्या कोटालाही आतून खोल खिसे होतेच. आपल्याकडे बंगालचे पी. सी. सरकार (1913-1971) महाराजाचा पोशाख आणि तुऱ्याचा फेटा घालून साऱ्या जगात प्रयोग करीत. वेष बदलतात, कारागिरी तीच राहते.

झगा पाहून आमचे हे म्हणाले, "पोळ्याची झूल छान झाली!" ते हसण्यावारी गेले. पण शेजारच्या एक काकू म्हणाल्या, "पोरीच्या जातीला जादूगार कशाला? लोक चेटकीण म्हणतील." धाकटीचे तोंड एवढेसे झाले.

बायांनो, मी विचार करू लागले. पुरुषाने जादू केली तर आपण तिकीट काढून पाहतो, टाळ्या वाजवतो. बाईच्या नावापुढे तोच शब्द लागला तर तिच्या दारावरून जाणे टाळतो. हे कसे?

सासूबाई इथे समोर बसल्या आहेत, त्यांच्या परवानगीने सांगते. साठ वर्षांमागची त्यांच्या माहेरची गोष्ट. शेजारी एक विधवा राहत असे. एका घरची म्हैस आटली आणि बोट तिच्याकडे गेले. मग तिला विहिरीवर येऊ देईनात, हळदीकुंकवाचा तर प्रश्नच नव्हता. ती भाकरी मागायला आली की मुलांना घरात ओढून घेत. शेवटी एका पहाटे ती गाव सोडून गेली. सासूबाई म्हणाल्या, "ती आम्हांला चिंचा द्यायची गं. तिच्याजवळ कसली जादू? जादू असती तर उपाशी राहिली असती का?" एवढे बोलून त्या उठल्या, ट्रंकेतले आपले लाल लुगडे काढले आणि म्हणाल्या, "हे अस्तराला घे."

आज अशा छळाला कायद्याने बंदी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी अनेक वर्षे खटपट केली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, जनावरांचे दूध आटवते असे पसरवून तिचे जगणे कठीण करणे हा गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, शिवाय दंड. पण कायदा चावडीवर असतो, आणि कुजबुज आपल्या ओट्यावर होते. ती आपणच थांबवायची.

शिवणकाम करणाऱ्या बाईला तर हे सोपे असावे. कुणी बाबा हवेतून अंगारा काढतो म्हणाला, तर आपण आधी त्याची बाही पाहावी, मग बोटांची बेचकी. भस्मात पेज घालून वाळवलेली गोळी तिथे सहज लपते आणि चिमटीत चुरली की अंगारा होतो. ज्या हातांनी खिसा लावला, त्यांनी नमस्कारासाठी घाईने जुळू नये.

संमेलनात धाकटीने रिकामे हात दाखवून पाच रुमाल काढले. टाळ्या झाल्या. मग तिने झगा दोन्ही हातांनी पसरून आजीच्या लुगड्याचे लाल अस्तर आणि त्यावरचा खिसा सर्वांना दाखवला. दुसऱ्यांदा टाळ्या झाल्या, त्यांत त्या काकूंच्याही होत्या.

हा झगा आणि टोपी मी आजपासून मंडळाच्या पेटीत ठेवीत आहे. ज्या घरी लागेल त्यांनी न्यावा, धुऊन परत आणावा. मुलगा असो, मुलगी असो, अट एकच: शेवटी खिसा दाखवायचा.