माती आधी, इमारत मागून



घर बांधावयाचे म्हणजे आपण जागेची दिशा पाहतो, पाण्याची सोय पाहतो, उताऱ्यावरची नावे दहा वेळा वाचतो. त्या जागेच्या पोटात काय मुरले आहे, हे मात्र क्वचितच कोणी पाहतो. गाव वाढते, आणि एके काळी वेशीबाहेर असलेला पेट्रोलपंप किंवा तेलाचा डेपो भर वस्तीत येतो. पुढे पंप उठतो, जागा घरांसाठी विकली जाते. पण पुरलेली लोखंडी टाकी गंजून वर्षानुवर्षे पाझरत असली, तर पंपाबरोबर तेल काही उठून जात नाही.

त्याने बिघडते काय? पेट्रोलात बेंझीन नावाचे द्रव्य असते. त्याने कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. त्याची वाफ मातीच्या फटींतून वर चढते आणि फरशीच्या भेगांतून घरात शिरते. खाली झिरपलेला अंश विहिरीच्या पाण्यापर्यंत पोचतो. तेव्हा माती आधी शुद्ध केली पाहिजे, याविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो रीतीचा.

वैद्य रोग पाहून औषध देतो, तसेच येथे आहे. पेट्रोल उडून जाणारे आहे. माती वाळूची वा मुरमाची असेल, तर जमिनीत नळ्या घालून पंपाने हवा ओढावी आणि ती कोळशाच्या गाळणीतून सोडावी. डिझेल तितके उडत नाही, पण मातीतलेच काही जिवाणू ते खातात. त्यांना प्राणवायू, ओलावा आणि नत्र-स्फुरद पुरवले, की काही महिन्यांत ते पुष्कळ तेल फस्त करतात. दिल्लीच्या टेरी या संस्थेने अशा जिवाणूंचे ‘ऑइलझॅपर’ नावाचे मिश्रणही तयार केले आहे. वाळू-खडी असेल तर माती धुता येते. घाण बारीक गाळाला चिकटून राहते, तो गाळ तेवढा वेगळा काढावयाचा. काळ्या चिकण मातीपुढे मात्र हवाही हरते आणि पाणीही. तेथे माती भट्टीत तापवावी लागते, आणि जळणाचा खर्च फार येतो.

तेल कोणते, माती कोणती, हे दोन प्रश्न झाले. तिसरा प्रश्न वेळेचा आणि चौथा, त्या जागेवर पुढे काय उभे राहावयाचे आहे, याचा. या दोहोंसाठी परदेशातील दोन उदाहरणे सांगतो.

अमेरिकेत सिॲटल शहरी 1906 पासून 1956 पर्यंत एक गॅसचा कारखाना चालला. तेथे आधी कोळशापासून आणि नंतर तेलापासून गॅस काढीत. रिचर्ड हाग या उद्यानरचनाकाराने त्या जमिनीत मैल्याचे खत आणि लाकडाचा भुसा मिसळून जिवाणूंना कामाला लावले. 1975 साली तेथे सार्वजनिक उद्यान खुले झाले. उपाय स्वस्त होता, पण पुरा पडला नाही. 1984 साली तपासणीसाठी बाग काही काळ बंद ठेवावी लागली आणि पुढे जमिनीत हवा सोडून बेंझीन काढण्याची यंत्रणा बसवावी लागली. मोकळी बाग होती म्हणून हे नंतर करता आले. वर चार मजले उभे असते तर?

दुसरे उदाहरण लंडनचे. 2012 चे ऑलिंपिक सामने 2005 साली लंडनला मिळाले. जागा जुन्या कारखान्यांची. मातीत तेल, डांबर आणि जोडीला शिसे. जिवाणू शिसे खात नाहीत, आणि सामन्यांची तारीख कोणासाठी थांबत नाही. म्हणून तेथे मुख्यतः माती धुण्याची यंत्रे आणली गेली. त्या ठिकाणाला लोक ‘मातीचे इस्पितळ’ म्हणत. लक्षावधी टन माती खोदली गेली आणि तिचा फार मोठा भाग शुद्ध करून त्याच जागी परत वापरला गेला.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, ‘एवढा खटाटोप कशाला? माती खणून ट्रकने बाहेर टाकली की झाले!’ टाकी फुटलेली लहानशी जागा असेल, तर खणणे पुष्कळदा योग्यच असते. पण ती माती जाते कोठे, हे विचारले पाहिजे. विषारी केरासाठी बांधलेल्या सुरक्षित खड्ड्यात ती गेली तर ठीक. गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत ओतली, तर आपले अंगण झाडून केर शेजाऱ्याच्या विहिरीत लोटल्यासारखे होते. आपण शुद्ध झालो नाही, फक्त दूर झालो.

घाई असलेल्याने पैसा मोजावा आणि पैसा नसलेल्याने वेळ द्यावा. दोन्ही वाचवू पाहणारा शेवटी तेथे राहणाऱ्यांच्या प्रकृतीवर वाचवतो. म्हणून घर घेताना विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: पूर्वी या जागेवर काय होते, आणि माती शुद्ध केल्यानंतर पुन्हा तपासली काय? तपासणीचे कागद मागण्यात भीड कसली? त्या फरशीवर उद्या आपलीच मुले रांगणार आहेत.