बेसिक : एका सुबोध यंत्रभाषेचा उदय आणि अस्त

सोलापूरच्या चादरीवरील वेलबुट्टी कशी उठते, हें ज्यानें मागाजवळ उभें राहून पाहिलें असेल, त्यास संगणकाची भाषा म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. मागाच्या माथ्यावर जकार्डाचें यंत्र असतें. त्यांतून भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ क्रमाक्रमानें पुढें सरकते. जेथें भोंक असेल तेथें ताण्याचा धागा उचलला जातो. जेथें नसेल तेथें तो खालींच राहतो. फ्रान्समधील लियाँच्या जाकार नांवाच्या कारागिरानें १८०४ च्या सुमारास ही युक्ति पूर्णतेस नेली, आणि पुढें बॅबेज या इंग्रज गणितज्ञानें आपल्या नियोजित गणनयंत्रासाठीं तीच उचलली. त्या भोंकांत विणकराची इच्छा लिहिलेली असते. संगणकाची आज्ञावली तत्त्वतः याहून वेगळी नाहीं. प्रश्न इतकाच कीं, तीं भोंकें पाडण्याची विद्या किती जणांस येते ?

संगणकाच्या आरंभकाळीं ती फारच थोड्यांस येत असे. १९५७ सालीं फोरट्रान ही भाषा निघाली; परंतु ती शास्त्रज्ञांच्या सोयीची. आज्ञा पुठ्ठ्याच्या पत्रिकांवर उमटवून यंत्रशाळेंत द्यावयाच्या व उत्तरासाठीं तासन्‌तास वाट पाहावयाची, असा प्रघात होता. एखादा स्वल्पविराम चुकला, तरी सारे श्रम वायां जात. अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांतील जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ या दोघां प्राध्यापकांस हें खटकलें. केमेनी हे बुडापेस्ट येथें जन्मलेले, आणि तरुणपणीं आइन्स्टाईन यांचे गणितांतील साहाय्यक होते. त्यांच्या कॉलेजांतील बहुसंख्य विद्यार्थी शास्त्रशाखेचे नव्हते. पण इतिहास वा वाङ्मय शिकणाऱ्यासही संगणक हाताळतां आला पाहिजे, असा दोघांचा आग्रह होता. एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वांटून देण्याची योजना त्यांनीं केली, आणि तिच्या जोडीला एक सोपी भाषा रचली. १ मे १९६४ रोजीं पहाटे चारच्या सुमारास त्या भाषेंतील पहिल्या आज्ञावल्या चालल्या. तिचें नांव बेसिक. त्या नांवांतील पहिलें अक्षर ‘बिगिनर्स’ या शब्दाचें, म्हणजे नवशिक्यांचें आहे.

तिचें सौलभ्य एका उदाहरणानें ध्यानांत येईल. साताचा पाढा छापावयाचा असेल तर तीन ओळी पुरत. दहा क्रमांकाच्या ओळींत सांगावयाचें कीं, एक ते दहापर्यंत एकेक आंकडा घे. वीस क्रमांकाच्या ओळींत, त्यास सातानें गुणून छाप. आणि तीस क्रमांकाच्या ओळींत, पुढचा आंकडा घे. ओळींना दहा, वीस, तीस असे क्रमांक देण्यांत मोठी व्यवहारदृष्टि होती. मागाहून कांहीं सुचल्यास मध्यें पंधराव्या ओळीला जागा राही. प्रिंट, इनपुट, इफ, देन, गोटू अशा दहा-बारा इंग्रजी शब्दांची ओळख झाली कीं काम भागे. मराठी शाळेंतून आलेल्या मुलास हें ओझें जड नव्हतें.

१९७५ सालीं बिल गेट्स व पॉल ॲलन यांनीं ही भाषा लहान संगणकासाठीं उतरविली. १९७७ पासून जे घरगुती संगणक बाजारांत आले, त्यांपैकीं बहुतेकांच्या पोटांत ती आधींच बसविलेली असे. कळ दाबली कीं पडद्यावर लुकलुकणारें चिन्ह उभें राही; जणू यंत्रच विचारी, ‘आज्ञा काय ?’ हिंदुस्थानांत १९८४-८५ सालीं सरकारनें शाळांतून संगणकशिक्षणाचा ‘क्लास’ हा प्रयोग सुमारें २५० शाळांपासून आरंभिला. त्यासाठीं बीबीसी मायक्रो हीं यंत्रें आणलीं, आणि त्यांवर मुलें बेसिकच शिकलीं. पुढें गल्लोगल्लीं निघालेल्या संगणकवर्गांतही पहिला धडा बहुधा तिचाच असे.

अशा लोकप्रिय भाषेस उतरती कळा कां लागावी ? पहिलें कारण तिच्या स्वभावांतलें. ‘गोटू’ म्हणजे ‘अमुक ओळीवर जा’. दहा ओळींच्या आज्ञावलींत ही उडी सोयीची. हजार ओळींत मात्र उड्यांचा असा गुंता होई कीं लिहिणारासही वाट सांपडेना. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनीं १९६८ सालींच ‘गोटू’वर कठोर टीका केली, आणि १९७५ सालीं, बेसिकचा संस्कार झालेल्या विद्यार्थ्यास चांगली रचना शिकविणें जवळजवळ अशक्य, असें मत दिलें. तें अतिशयोक्तीचें होतें. पण त्यांत तथ्यांश होता.

दुसरें कारण, पोटभाषांची बजबजपुरी. प्रत्येक कारखानदारानें आपापली बेसिक काढली. एका यंत्रावरील आज्ञावली दुसऱ्यावर चालेना. या रस्त्यावरच्या बेसिकांना कंटाळून केमेनी-कर्ट्झ यांनीं स्वतःच १९८५ सालीं ‘ट्रू बेसिक’ म्हणून सुधारलेली भाषा काढली. परंतु तोंवर वेळ निघून गेली होती.

तिसरें कारण सर्वांत मोठें. भाषेखालचें यंत्रच बदललें. मोडी लिपीचें उदाहरण मराठी माणसास परिचित आहे. हात न उचलतां भरभर लिहिण्यास मोडीसारखी लिपि नव्हती. परंतु छापखाने आले, त्यांत बाळबोधाचे खिळे बसले, आणि मोडी दप्तरांत राहिली. तसेंच येथें झालें. विंडोजची चित्रमय पद्धति आली आणि आज्ञेची वाट पाहणारें तें चिन्ह पडद्याआड गेलें. १९९१ सालीं निघालेल्या व्हिज्युअल बेसिकनें कांहीं वर्षें घराण्याचें नांव राखलें. पण २००२ सालीं तिचें रूप इतकें पालटलें कीं जुन्या आज्ञावल्या जशाच्या तशा चालेनात, आणि पुष्कळ जुने अनुयायी दुरावले.

त्याच १९९१ सालीं ॲमस्टरडॅमच्या ज्या गणितसंस्थेंत पूर्वीं डाइक्स्ट्रा काम करीत, तेथील गिडो व्हॅन रोसम यांनीं पायथॉन ही भाषा प्रसिद्ध केली. साताचा पाढा तींत दोनच ओळींत होतो. ओळींस क्रमांक नाहींत, ‘गोटू’ नाहीं, मूल्यही नाहीं. शिवाय ती केवळ शाळेंत थांबत नाहीं. संख्याशास्त्रापासून कृत्रिम बुद्धीपर्यंतच्या कामांची सिद्ध साधनें तिच्याभोंवतीं जमलीं आहेत. शिकलेलें पुढें पोट भरण्यास उपयोगीं पडतें, हें पाहून विद्यार्थी तिकडे वळले. केंद्रीय शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या वर्गांतही सी-प्लस-प्लसची जागा अलीकडे पायथॉननेंच घेतली. सोपेपणा आणि उपयोग एकत्र मिळाल्यावर केवळ सोपेपणास कोण विचारतो ?

तथापि एक हानि झालीच. पूर्वीं संगणक उघडतांच आज्ञा मागत असे. आज तो तयार खेळ आणि तयार चित्रें पुढें करतो. २००१ पासून चाललेल्या एमएस-सीआयटी परीक्षेनें महाराष्ट्रांतील लाखों लोकांस संगणक वापरण्यास शिकविलें, हें उपकार थोडे नव्हेत. पण चादर पांघरणें वेगळें आणि तिच्या नक्षीचीं भोंकें पाडणें वेगळें. केमेनी १९९२ सालीं आणि कर्ट्झ २०२४ सालीं निवर्तले. बेसिक अमर व्हावी हा त्यांचा हेतु नव्हता; सामान्य विद्यार्थ्यानें यंत्रास आज्ञा करावी, हा होता. भाषा गेली तरी हेतु जावयास नको. ज्या घरीं मुलाच्या हातीं यंत्र दिलें जातें, तेथें एखाद्या संध्याकाळीं त्याच्याकडून साताचा पाढा यंत्रास म्हणावयास लावला, तर जुन्या बेसिकचें काम पुढें चाललें असें म्हणतां येईल.