अब्बांचा डावा डोळा

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर आहे. तरी आज डोळ्यांच्या आजारांवर बोलायला उभा आहे, कारण या विषयात मी एक चूक केली आणि तिची किंमत माझ्या अब्बांनी मोजली. तुमच्यापैकी कुणी ती करू नये, एवढ्यासाठीच हे बोलणं.

आमचं घर मिरजेला. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. घरापासून दहा मिनिटं चाललं की डोळ्यांचा दवाखाना. अब्बा टेलर. चाळीस वर्षं सुईत दोरा ओवून घर चालवलं, माझ्या इंजिनिअरिंगची फी भरली. तीनेक वर्षांपूर्वी अम्मी फोनवर म्हणाली, "तुझ्या अब्बांना नीट दिसत नाही रे. परवा डावीकडून आलेली सायकल दिसली नाही, धडकले." मी मीटिंगमध्ये होतो. म्हणालो, "मोतीबिंदू असेल अम्मी. पिकू दे, ईदला आलो की ऑपरेशन करून टाकू."

त्या एका वाक्यात दोन चुका होत्या.

पहिली चूक, 'पिकू दे'. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. पूर्वीच्या पद्धतीत तो पिकायची वाट बघत. आता गरज नाही. रोजच्या कामाला अडचण होऊ लागली की दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून गढूळ भिंग काढतात आणि कृत्रिम भिंग बसवतात. असं भिंग पहिल्यांदा १९४९ मध्ये लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी बसवलं. कुठल्याही थेंबाने, काढ्याने मोतीबिंदू विरघळत नाही. जास्त पिकला तर ऑपरेशन उलट अवघड होतं.

दुसरी चूक जास्त मोठी. तपासल्याशिवाय मी आजाराचं नाव सांगून मोकळा झालो. ईद झाली, मग बहिणीचं लग्न निघालं, मग माझा प्रोजेक्ट. दवाखान्यात जायला दीड वर्ष गेलं.

तिथे डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला. तो साधारण १० ते २१ असतो, अब्बांचा बराच वर होता. मग थेंब टाकून बाहुली मोठी केली आणि आतली नस पाहिली. नंतर एका यंत्रासमोर बसवलं. एक डोळा झाकायचा, समोर बघत राहायचं, बारीक दिवा चमकलेला दिसला की हातातलं बटण दाबायचं. उजव्या डोळ्याच्या वेळी बटणाचा आवाज येत होता. डावा डोळा सुरू झाला आणि खोली शांत झाली. मला वाटलं, अब्बांना सूचना कळली नाही. मी तिथल्या ताईंकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "दिवे लागतायत." दिवे लागत होते. अब्बांना दिसत नव्हते.

छापून आलेल्या कागदावर डावा डोळा बहुतेक काळा होता. मोतीबिंदू थोडासाच होता. खरा आजार होता काचबिंदू. यात डोळ्याची नस हळूहळू मरते, बहुतेक वेळा दाब वाढल्यामुळे. दुखत नाही, लाल होत नाही. नजर कडेकडून जाते आणि एका डोळ्याचं दुसरा भरून काढतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. सुईत दोरा ओवता येतो, पण बाजूची सायकल दिसत नाही. आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब, लेसर, ऑपरेशन, सगळे उपचार उरलेली नजर राखण्यासाठी असतात.

बाहेर आल्यावर अब्बा एवढंच म्हणाले, "बेटा, आधी आलो असतो तर?" मी उत्तर दिलं नाही. उत्तर त्यांनाही माहीत होतं.

मी कामावर सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर बंद पडायची वाट आम्ही बघत नाही, दर मिनिटाला त्याची तब्येत तपासतो. बापाच्या डोळ्यांसाठी मात्र मी सुट्टीची वाट बघत होतो. आपण इब्न अल-हैसमचं नाव अभिमानाने घेतो. हजार वर्षांपूर्वी त्याने प्रकाश आणि नजर यांवर ग्रंथ लिहिला. मोसुलच्या अम्मार इब्न अलीने पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढण्याची रीत लिहून ठेवली. चांगलं आहे. पण घरातल्या माणसाला दहा मिनिटांवरच्या दवाखान्यात नेत नसू, तर त्या अभिमानाचा काय उपयोग?

आता रमजानचं. अब्बांना एक थेंब रात्री आणि दुसरा सकाळ-संध्याकाळ असतो. पहिल्याच रमजानमध्ये त्यांनी सकाळचा बंद केला. रोजा तुटेल ही भीती. कुणाला सांगितलंही नाही. पुढच्या तपासणीत दाब वाढलेला निघाला तेव्हा कळलं. मित्रांनो, डोळ्यात थेंब टाकल्याने रोजा तुटत नाही, असंच हनफी आणि शाफई दोन्ही फिकहमध्ये आहे. १९९७ मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीनेही हेच सांगितलं. तरी कुणाच्या मनात शंका राहिली तर डॉक्टरांना विचारून वेळ बदलता येते. अब्बा आता सहेरीला आणि इफ्तारनंतर टाकतात. थेंब टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरला की औषध घशात कमी उतरतं. पण मनाने औषध बंद करू नका.

घरी गेल्यावर काय करायचं, ते सांगतो.

आई-वडिलांनी चाळिशी ओलांडली असेल तर नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका. 'दाब आणि नस तपासा' असं तोंडाने सांगा. घरात कुणाला काचबिंदू असेल तर सख्ख्या भावंडांना, मुलांना धोका जास्त. मी स्वतः तपासून घेतलं. माझा दाब २४ निघाला. नस अजून चांगली आहे, दर सहा महिन्यांनी जातो.

ज्यांना साखर आहे त्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासायचाच, नीट दिसत असलं तरी. साखरेने पडद्याच्या रक्तवाहिन्या बिघडतात. वेळेत कळलं तर लेसरने, इंजेक्शनने नजर वाचते. अम्मीला साखर आहे. तिचाही पडदा त्याच दिवशी तपासला, अल्लाहच्या कृपेने ठीक निघाला.

डोळा लाल झाला की मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका. त्यात स्टिरॉइड असेल आणि ते बरेच दिवस टाकलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. बाजारातल्या बऱ्याच सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे, लहान मुलांच्या डोळ्यात तर घालूच नका. आणि डोळा अचानक प्रचंड दुखला, उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात जा. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्याखाली मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं.

अब्बा अजून मशीनवर बसतात. गिऱ्हाईक डावीकडून आलं तर मान वळवून बघतात. मी दर महिन्याला घरी जातो आणि थेंबाची बाटली हलवून पाहतो, किती उरलंय ते.

आज रात्री घरी फोन कराल तेव्हा 'कसे आहात' एवढंच विचारू नका. 'डोळे शेवटचे कधी तपासले?' हेही विचारा. आणि उत्तर काहीही आलं तरी, सुट्टीची वाट बघू नका.