शाळेसाठी थिन क्लायंट कसा निवडावा?

श्रोतेहो, आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या नहरी तुम्हाला ऐकून तरी ठाऊक असतील. सतराव्या शतकात मलिक अंबराने डोंगराकडचे पाणी जमिनीखालून शहरात आणले आणि ठिकठिकाणच्या हौदांत खेळवले. उगम एक, पाणी अनेकांना. शाळेतल्या संगणकांचीही अशी सोय करता येते. सारे काम एका दणकट यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर चालते. मुलापुढे असतो पडदा, कळफलक आणि एक लहानशी डबी. त्या डबीला म्हणतात थिन क्लायंट.

आता गुरुजी विचारतील, "डबी केवढ्याला?" बैल घेताना आपण वैरणही मोजतो ना? तसेच इथे सर्व्हर, तारा, वीज आणि परवाने धरून एका खुर्चीला काय पडते ते काढा. परवान्याचे आधीच विचारा, बरं का! विंडोज सर्व्हरवर दहा मुले बसवायची तर सर्व्हरच्या परवान्याखेरीज दहांचे वेगळे परवाने लागतात. लिनक्सला हा खर्च नाही. सी-डॅक ह्या सरकारी संस्थेच्या 'बॉस' लिनक्समध्ये मराठीही आहे.

माझे मत विचाराल, तर बाजारात जाण्याआधी शाळेचे कपाट उघडा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित देखभाल थांबली. विंडोज ११ न पेलणारे पुष्कळ संगणक त्यामुळे अडगळीत गेले. डबीचे काम ते अजून झकास करतात. एलटीएसपी ही मोफत प्रणाली वापरली, तर हार्ड डिस्क गेलेला संगणकसुद्धा सर्व्हरवरून सुरू होतो. मात्र हल्ली तिच्यात बरेच काम त्या संगणकावरच चालते. तेव्हा निदान २ जीबी मेमरी असावी.

नवी डबी घ्यायचीच, तर बिनपंख्याची घ्या. आपल्याकडची धूळ पंख्याला पुरून उरते. तुमचे जुने पडदे व्हीजीएचे असतील आणि डबी एचडीएमआयची, तर जोडणीचा खर्च वाढेल. डबी ५ ते १५ वॉटवर चालते, साध्या संगणकाच्या पेटीला साठ-सत्तर लागतात. दहा खुर्च्यांमागे सुमारे पाचशे वॉट वाचतात. त्यातून सर्व्हरचे शे-दीडशे वजा घातले तरी इन्व्हर्टरचा भार हलका होतो. जोडणी तारेचीच करा, वायफायवर विसंबू नका. पैसे देण्याआधी दहाही पडद्यांवर एकदम चित्रफीत लावून पाहा, मराठीत चार ओळी टंकून पाहा. इथेच स्वस्त डबी अडखळते.

दहा खुर्च्यांच्या सर्व्हरला ३२ जीबी मेमरी आणि एसएसडी असली म्हणजे ओढाताण होत नाही. पण उगम आटला की सगळे हौद कोरडे! सर्व्हर बंद तर वर्ग बंद. म्हणून त्याला यूपीएस हवाच, आणि मुलांच्या कामाची प्रत दुसऱ्या डिस्कवर रोज उतरवायला हवी. ज्या शाळेला चार-पाचच खुर्च्या मांडायच्या आहेत, तिने ह्या भानगडीत पडूच नये. आहेत त्या संगणकांत लिनक्स घालून काम चालवावे.