कंबर दुखते, त्याचं काय?
(अहिल्यानगर जिल्ह्यातल्या महिला शिबिरात केलेलं भाषण)



जिची कंबर दुखत नाही तिनं हात वर करा. बघा, एकही हात नाही!

पाथर्डी-जामखेडकडच्या बाया ऊसतोडीला जातात. दिवसभर वाकायचं, मोळ्या वाहायच्या, वर पाणी-सरपण. कंबर धरली की ऐकायचं, "बाईच्या जातीला हे असायचंच." एम.एस.डब्ल्यू. होऊनही मी पहिली काही वर्षं गोळ्या देऊन मोकळी व्हायचे. कुठं दुखतं, कधीपासून, विचारलंच नाही.

ऐकून न घेतल्याचे परिणाम मोठे असतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न 2019 मध्ये गाजला, तो आठवा.

आज ऑस्टिओपॅथीची ओळख करून घेऊ. अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1874 मध्ये ती मांडली. हाडं, सांधे, स्नायू एकमेकांशी जोडलेले. एक जागा आखडली की ताण दुसरीकडे जातो, असा विचार. उपचार करणारी व्यक्ती हातानं चाचपते, दाबते, ताणते, सांधा हलवते. कंबरदुखीत काहींना यानं आराम पडतो. पण सगळे आजार बरे करतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आपल्याला जवळचा म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणचा फिजिओथेरपिस्ट.

हाताचं मोल आपल्या जिल्ह्याला नवं नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं. गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर बाया आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. पोटावर हात ठेवून बाळ आडवं की सरळ, हे त्या ओळखू लागल्या. त्यांत दलित बाया होत्या. ज्या हातांचा विटाळ मानला जायचा, त्याच हातांवर गावानं बाळंतपणं सोपवली.

मात्र हात लावण्याआधी विचारलं पाहिजे. काय करणार, का करणार, हे समजून घ्या. सोबत बाई ठेवा. नको वाटलं तर "थांबा" म्हणा. तो आपला हक्क आहे. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, ताप, वजन घटणं, पडल्यानंतरचं दुखणं असेल तर चोळत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

आणि हेही खरं, की चोळून मोळी हलकी होत नाही. मजुरी, विश्रांती, घरकामाची वाटणी यांसाठी भांडावंच लागेल.

आता दोघी-दोघी बसा. कागदावर बाईचं चित्र काढा, दुखतं तिथं खूण करा आणि शेजारणीला सांगा. तिनं मधे न बोलता ऐकायचं.