प्राध्यापक व्हिक्टर क्लेंपरर

भाषा शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला शब्दांचें वजन करून पाहण्याची खोड लागते. एका जर्मन प्राध्यापकाला ही खोड संकटकाळीं कशी कामास आली, तें आज सांगावयाचें आहे.

व्हिक्टर क्लेंपरर यांचा जन्म १८८१ सालीं एका ज्यू धर्मगुरूच्या घरीं झाला. आरंभीं त्यांनीं वृत्तपत्रांत लिहून पोट भरलें. पुढें माँतेस्क्यवर प्रबंध लिहून म्यूनिकला अध्यापकाची पात्रता मिळविली, पहिल्या महायुद्धांत जर्मनीच्या बाजूनें लढले, आणि १९२० सालीं ड्रेस्डेनला प्राध्यापक झाले. व्हॉल्तेअर व रूसो यांचें अठरावें शतक हा त्यांचा आवडता प्रांत. ते स्वतः ख्रिस्ती झाले होते. पण नाझी कायद्याला त्याची पर्वा नव्हती.

१९३५ सालीं नोकरी गेली. मग ग्रंथालयाचीं दारें बंद झालीं. घर गेलें, टंकयंत्र गेलें. १९४१ पासून छातीवर पिवळा तारा आला. ज्यूंनीं जनावरें पाळूं नयेत असा हुकूम सुटला, तेव्हां घरचें मांजरहि मारवावें लागलें. जीव वांचला तो पत्नीमुळें. एव्हाबाई जन्मानें ज्यू नव्हत्या. घटस्फोटाची वाट मोकळी असतांहि त्यांनीं ती धरली नाहीं.

ग्रंथ नाहींत, तर अभ्यास कशाचा करावयाचा? क्लेंपररांनीं भोंवतालच्या भाषेचाच अभ्यास मांडला. वर्तमानपत्रें, भाषणें, कारखान्यांतील गप्पा, सारें रोजनिशींत उतरूं लागलें. एकच शब्द घेऊं. फ्रेंचमध्यें ‘फनातीक’ म्हणजे धर्मवेडा. शब्दाच्या मुळाशीं देवळाचें लॅटिन नांव आहे. व्हॉल्तेअरनें १७६४ च्या आपल्या कोशांत ह्या वेडाला मनाचा रोगच ठरविलें. नाझींच्या तोंडीं मात्र तोच शब्द स्तुतीचा झाला. शपथ ‘फनातिश’, श्रद्धा ‘फनातिश’! १९४४ च्या अखेरीस पराभव दिसूं लागला, तेव्हां तेवढ्यानेंहि भागेना. गोबेल्सला त्यामागें ‘बेफाम’ हें विशेषण जोडावें लागलें. आम्ही मास्तर मंडळी व्युत्पत्ति सांगून थांबतों. ह्या गृहस्थानें शब्द कोणाच्या तोंडीं उलटला तें पाहिलें. आणि ज्यांचा छळ चालला होता, तेहि नकळत छळणाऱ्यांचीच भाषा बोलत आहेत, हेंहि त्यांनीं लपविलें नाहीं.

लिहिलेले कागद एव्हाबाई पिर्ना गांवीं एका डॉक्टर मैत्रिणीकडे पोंचवीत. झडतींत सांपडते, तर तिघांचाहि मृत्यु ठरलेला.

१३ फेब्रुवारी १९४५ रोजीं, शहरांत उरलेल्या ज्यूंना हद्दपारीच्या नोटिसा वांटण्याचें काम क्लेंपररांकडे आलें. त्याच रात्रीं विमानहल्ल्यानें ड्रेस्डेन पेटलें. त्या आगींत एव्हाबाईंनीं खिशांतल्या चाकूनें नवऱ्याच्या कोटावरचा तारा कापून काढला, आणि दोघें निसटलीं. जूनमध्यें तीं घरीं परतलीं.

‘तिसऱ्या साम्राज्याची भाषा’ हें पुस्तक १९४७ सालीं निघालें. अठराव्या शतकाच्या फ्रेंच वाङ्मयाच्या इतिहासाचा पहिला खंड १९५४ सालीं आला. १९६० सालीं ते वारले. नाझी काळांतील रोजनिशी छापली गेली ती १९९५ सालीं. युद्धानंतर पूर्व जर्मनींत ते कम्युनिस्ट पक्षांत गेले, मानाचे प्राध्यापक झाले. खासगी वहींत मात्र नव्या राज्यकर्त्यांच्या भाषेचीहि नोंद चालूच होती.