घरून काम, लिहून काम
(नांदगाव येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



नांदगावात बसून पुण्या-बंगळुरूच्या टीममध्ये काम करता येतं का, असं बरेच जण विचारतात. येतं. पण भरवसा किती धरायचा तेही ऐका. एप्रिल 2020 मध्ये टीसीएसने जाहीर केलं की 2025 पर्यंत पंचवीस टक्केच लोकांना ऑफिसात यावं लागेल. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच कंपनीने लोकांना आठवड्याचे पाचही दिवस परत बोलावलं. घरून काम कंपनी देते आणि काढूनही घेते. लांब बसून टिकायचं तर टीमचा विश्वास लागतो, आणि तो लिहिण्यातून येतो.

आपल्या तालुक्यातलंच मनमाड जंक्शन घ्या. स्टेशन मास्तर ड्यूटी सोडताना डायरीत लिहितो, येणारा ते वाचून सही करतो. लिनक्सचं काम 1991 पासून असंच चाललंय. जगभरातले लोक ईमेलवर बदल पाठवतात, दुसरे तपासतात. गिटसुद्धा लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये याच कामासाठी लिहिलं.

आपली मुलं इथेच अडतात. 'सर, कोड चालत नाही', एवढाच मेसेज. अरे, काय करत होतास, एरर कोणता आला, काय काय करून पाहिलंस, ते लिही ना! इंग्रजी मोडकं चालतं, माहिती अर्धवट चालत नाही. आणि अडलात तर लगेच सांगा. दोन दिवस गप्प राहिलात की समोरच्याला वाटतं, हा कामच करत नाही.

जुम्याचंही तेच. काही जण कॅमेरा बंद करून गुपचूप मशिदीत जातात. कशासाठी? टीमच्या कॅलेंडरमध्ये सरळ लिहा: शुक्रवार, 1 ते 2, नमाज. आमच्याकडे एकाने मुलाला शाळेतून आणायची वेळ लिहिली आहे, तशीच ही.

आता पालकांना. पुण्यात नाव ऐकून खोली नाकारतात, म्हणून घरून काम बरं वाटतं, मान्य. पण मुलीला लॅपटॉप दिला आणि मीटिंग चालू असताना चहाला उठवलं, तर नोकरी टिकायची नाही. दार बंद करता येईल अशी जागा तिला द्या. ऑफिसने महिन्यातून दोन दिवस बोलावलं तर जाऊ द्या. बढतीच्या गोष्टी बऱ्याचदा त्या दोन दिवसांतच निघतात.

लॅपटॉप आणलेल्यांनी थांबा. गिटहबवर खाती उघडू. एकाने अडचण लिहायची, बाकीच्यांनी ती न विचारता समजते का ते पाहायचं. मराठीत लिहिलं तरी चालेल.